वर्साचो नवो

नंदूच्या घराच्या सोप्यावर आम्ही चौघे सहा वर्षं बेसबॉल खेळलो, आणि त्या सहा वर्षांत एकदाही कुणी बॅट हातात धरली नाही की चेंडू फेकला नाही. हे सांगितलं की लोक हसतात. माझी मुलगीही हसली होती. मग तिने विचारलं, "बंद कसं झालं?" मी म्हटलं, सगळे नोकऱ्यांना लागले. ते खोटं नव्हतं. खोटं न बोलता समोरच्याला चुकीच्या जागी नेऊन सोडणं मला त्याच सोप्यावर जमायला लागलं, आणि ह्या प्रकरणात मला तेवढंच लिहायचं आहे. आतापर्यंतच्या पानांत नंदूचं नाव मी दोनदाच घेतलं, तेही शाळेच्या ओघात. ज्याच्याबरोबर मी निम्मं तारुण्य काढलं त्याचं नाव दोनदा. वाचणाऱ्याला ते खटकलं नसेल. मला लिहिताना खटकत होतं, आणि तरी मी पुढे जात होतो. आता पुढे जायला काही उरलेलं नाही.

नंदूचा चुलता तारवटी होता, म्हणजे बोटीवर नोकरीला. आठ-दहा महिन्यांनी आमच्या गावी, पार्शाला, घरी यायचा तेव्हा सगळ्या वाड्यावर घरोघर साबणाची वडी आणि चॉकलेटं वाटायचा. एका खेपेला त्याने अमेरिकेतल्या कुठल्या तरी बंदरावरून एक खोका आणला. आत तीन फासे, जाड पुठ्ठ्याच्या कोऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा आणि बारीक अक्षरांतलं पुस्तक. काकाला वाटलं होतं सापशिडीसारखं काही तरी असेल. ते पुस्तक आम्ही महिनाभर शब्दकोश घेऊन वाचलं. तेव्हा कळलं की हा बेसबॉल आहे, पण कागदावरचा. एकेका पुठ्ठ्याला एकेका खेळाडूचं नाव द्यायचं, फासे टाकून त्याचा स्वभाव ठरवायचा, म्हणजे तो किती मारील, किती चुकेल, किती धावेल, आणि तो तक्ता पुठ्ठ्यावर लिहून काढायचा. मग सामन्यात त्याची पाळी आली की पुन्हा फासे टाकायचे आणि बेरीज त्याच्या तक्त्यात शोधायची. सात म्हणजे चेंडू थेट कुंपणापार, चौदा म्हणजे बाद. खरा बेसबॉल आम्ही कुणी पाहिलेला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी अजूनही पाहिलेला नाही.

चार संघ झाले. पार्से नंदूचा. पेडणे माझा, कारण मला तालुक्याचं गाव हवं होतं. इब्रामपूर गजाचा. गजा आमच्याच वर्गातला; इब्रामपुराहून सायकल मारत यायचा आणि आल्या आल्या पाणी मागायचा. चौथा मये. तो नंदूच्या धाकट्या बहिणीने, सुलूने घेतला, कारण मयेच्या तळ्यावर एकदा शाळेची सहल गेली होती आणि तिला ते आवडलं होतं. वह्या सुलूच ठेवायची. तिचं अक्षर चांगलं होतं, आणि आम्हा तिघांवर तिचा विश्वास नव्हता.

रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही जमायचो. फासे लाकडी पाटावर टाकले की फार खडखड व्हायची आणि नंदूच्या आईची, काकीची, झोपमोड व्हायची, म्हणून पाटावर जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरलेला असे. तरी काकी कधी झोपायची नाही. आत काही ना काही निवडत, सोलत बसायची आणि कान बाहेर. आमचे खेळाडू कागदाचे आहेत हे तिला पक्कं ठाऊक होतं असं मला वाटतं, पण तिने ते कधी मान्य केलं नाही. तीनही फाशांवर एकदम सहा पडले की खेळाडू जायबंदी, असा नियम होता. माझ्या रघूला असंच एकदा लागलं, तर पुढच्या रविवारी मी पायरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच तिने विचारलं, "रे शिऱ्या, तुझ्या रघूचो पाय बरो झालो मरे?" मी म्हटलं, अजून दोन सामने बाहेर. "तेल लावूक सांग त्येका," ती म्हणाली. चार वाजता पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वळणावर वाजायचा. सुलू पैसे घेऊन धावायची, आणि मग गरम उंडे आणि सकाळची अळसांद्यांची उसळ. तिखट, खोबरं घातलेली, सकाळपेक्षा दुपारी जास्त मुरलेली. ती चव मला हल्ली लागत नाही. डॉक्टरांनी खोबरं बंद केलंय, पण ते कारण नसावं.

दरवर्षी प्रत्येक संघात एक नवा पुठ्ठा यायचा आणि मोसम संपला की त्या चौघा नव्यांतून एक निवडायचा. मूळ पुस्तकात त्याला मोठं इंग्रजी नाव होतं. आम्ही त्याला 'वर्साचो नवो' म्हणायचो. बक्षीस काही नव्हतं. निवडलेल्याचा पुठ्ठा सोप्याच्या भिंतीवर भाताच्या खळीने चिकटवायचा, एवढंच. पण पहिल्या वर्षी त्यावरून एवढं भांडण झालं की गजाने फासे उचलून विहिरीत टाकले. दुसऱ्या दिवशी नंदू विहिरीत उतरला आणि तीनही घेऊन वर आला. त्यानंतर सुलूने नियम केला. आपल्या माणसाविषयी कुणी बोलायचं नाही. चिठ्ठी टाकायची, ज्याच्या वाट्याला ज्याचा नवा येईल त्याने तो मांडायचा. खोटं बोलायचं नाही. बोललेली प्रत्येक गोष्ट वहीत सापडली पाहिजे. आणि ज्याचा तो खेळाडू, त्याने तोंड मिटून ऐकायचं.

नियम शहाणा होता. पुढच्या वर्षीपासून आरडाओरड थांबली. गजाच्या वाट्याला सुलूचा नवा आला तेव्हा तो उभा राहून म्हणाला, "हो मयेचो फेकणारो. माणूस बरो. कोणाच्या अध्यात नाय, मध्यात नाय. चेंडूय तसोच फेकता."

"ह्यां वहीत खंय आसा?" सुलूने विचारलं.

"वहीत नाय, पण तोंडार दिसता."

"पुठ्ठ्याक तोंड नाय."

"म्हणूनच अध्यात-मध्यात नाय," गजा म्हणाला आणि बसला. आतून काकीचं हसू ऐकू आलं.

तिसऱ्या वर्षी माझ्या चिठ्ठीत नंदूचा कुष्टा आला. कुष्टा त्या वर्षीचा सर्वांत चांगला नवा होता, त्यात वाद नव्हता. त्याच्या खालोखाल माझा रघू. आदल्या आठवड्यात मी सुलूकडून वही मागून घेतली आणि घरी बसून वाचली. रविवारी मी उभा राहिलो आणि म्हणालो की कुष्टासारखा नवा आपल्या खेळात आजवर आला नाही, एका सामन्यालाही तो चुकला नाही, धावांत तो पहिला. नंदू खाली मान घालून ऐकत होता, त्याचे कान लाल झाले होते. मग मी म्हणालो, "फक्त एक आसा. शेवटच्या डावात, सगळ्यांचां लक्ष आसताना, पाच खेपे तो उभो रवलो आनी पाचय खेपे हात हलयनासताना परतलो." सुलूने पानं उलटली. पाच वेळा. खरं होतं. त्याच शेवटच्या डावांत त्याने अकरा वेळा सामना जिंकून दिला होता. तेही वहीत होतं, पण ते सांगायचं काम माझं होतं आणि मी सांगितलं नाही. ज्याला ते पाठ होतं त्याला नियमाने बोलता येत नव्हतं. मतं घेतली. रघूला तीन. तिसरं नंदूचं. "शिऱ्याचां बरोबर आसा," तो म्हणाला. "पाच खेपे म्हणजे वायच जास्तच." आणि स्वतः उठून त्याने भिंतीला खळ लावली.

मला तेव्हा काय वाटलं हे मी इथे सजवून लिहू शकतो. लाज वाटली असं लिहिलं तर शोभेल. वाटली नाही. मला एक हत्यार सापडल्यासारखं झालं होतं. आधी भरभरून बोलायचं, समोरच्याचा कान मऊ करायचा, मग तो एक शब्द, 'फक्त', आणि त्यापुढे अशी गोष्ट जी खरी आहे. पुढची दोन वर्षं मी असंच केलं आणि दोन्ही वर्षी जिंकलो.

सहाव्या मोसमात आमची कॉलेजं संपली होती. गजाने वडिलांबरोबर शेती धरली. नंदू आणि मी घरीच होतो. नंदूच्या वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. तारवटी काकाने निरोप धाडला होता की बोटीवर एक जागा आहे, नंदूने यावं. नंदूला जायचं नव्हतं. काकीला दम्याचा त्रास होता. पावसाळ्यात तिला बसवून ठेवावं लागायचं, पाठीमागे उशा लावून, आणि ते काम नंदू करायचा. "हंय खंय तरी दोन पैशांची नोकरी मेळली तर मी जावचंय नाय," तो म्हणायचा. हे त्याने मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मला ते माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

माझे केशवमामा मयेला राहत आणि डिचोलीकडच्या एका खाणीच्या कचेरीत होते. वजनकाट्यावर एक कारकून घ्यायचा होता. ट्रक भरून येणार, काट्यावर चढणार, वजन वहीत टिपायचं, चिठ्ठी द्यायची. नंदूने आणि मी, दोघांनीही अर्ज केले. एके सकाळी मामा केळ्यांचा फणा घेऊन आमच्याकडे आले. आईने चहा दिला आणि ती तिथेच खोबरं खवायला बसली. मामा सरळ माणूस. बशी खाली ठेवून म्हणाले, "सायबान माझ्याकडे एकच नाव मागलां. खरां सांगू शिऱ्या? माका नंदूचां नाव द्यावंसां दिसता. आकड्यांत तो तुझ्यापेक्षा बरो. आनी भाच्याक लावलो म्हणून उद्या कोणी बोट दाखवूक नको. तू राग धरू नको."

"राग कित्याक, मामा," मी म्हणालो.

"तू त्येका ल्हानपणापासून वळखतस. कसो आसा तो? तूच सांग."

मी सांगितलं. नंदूसारखा माणूस तुम्हाला शोधून मिळायचा नाही म्हणालो. आईची सेवा करतो, हिशेबात एक आकडा चुकत नाही, उशिरा कधी येत नाही. मामा मान हलवत होते, त्यांना बरं वाटत होतं की भाचा मोठ्या मनाचा निघाला. आणि मग मी म्हणालो, "फक्त, मामा, कोणी वर आवाज केलो की तो सुन्न होता. कॉलेजात सर एकदा वरडले तर परीक्षा सोडून भायर आयलो."

ते खरं होतं. दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलला सर ओरडले आणि नंदू बाहेर येऊन पायरीवर बसला होता. पण त्याच वर्षी धारगळच्या वळणावर गजाची सायकल एका ट्रकखाली आली, गजा थोडक्यात वाचला, आणि ट्रकवाले पाच-सहा जण जमून त्यालाच दटावायला लागले. तेव्हा मी मागे उभा होतो. पुढे नंदू होता. आवाज न चढवता तो त्यांच्याशी बोलला, ट्रकचा नंबर हातावर लिहून घेतला, आणि नवीन चाकाचे पैसे घेतल्याशिवाय त्यांना हलू दिलं नाही. हे मी मामांना सांगितलं नाही.

मामांनी बशी उचलून उरलेला चहा संपवला. "काट्यार ड्रायव्हर वरडल्याबिगर बोलतच नाय," ते म्हणाले.

"म्हणून म्हटलां. तुमी बघा."

ते गेल्यावर आई विळी बाजूला सारून म्हणाली, "तू त्येची वाखणणी केलंस की आनी काय केलंस?" मी म्हटलं, वाखणणीच केली. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. माझ्या लग्नात, नंदू बोटीवरून येऊ शकला नाही तेव्हा, तिने माझ्याकडे एकदा पाहिलं होतं, तेवढंच.

नेमणुकीचं पत्र मला आलं. त्यानंतरच्या रविवारी त्या मोसमाचा नवो निवडायचा होता. मी जाणार नव्हतो, पण न जाण्याला कारण सापडेना. चिठ्ठ्या टाकल्या तर माझा नवा नंदूकडे गेला. माझा तो खेळाडू त्या वर्षी यथातथाच होता, निम्मा मोसम जायबंदी. नंदू उभा राहिला. त्याने वही उघडलीही नाही. तो कुठल्या सामन्यात काय खेळला ते सगळं त्याने सांगितलं, एकेक फटका, आणि ऐकताना मलाच वाटायला लागलं की हा मी पाहिलाच नव्हता. मग तो थांबला. मी वाट बघत होतो. सगळेच बघत होते.

"संपलां?" सुलूने विचारलं.

"संपलां," नंदू म्हणाला आणि बसला.

गजा म्हणाला, "अरे, तुझो 'फक्त' खंय गेलो? शिऱ्यान शिकवलेलो मरे?" कुणी हसलं नाही. गजालाही कळलं की आपण काही तरी भलतं बोललो, पण काय ते त्याला कळलं नाही. चारही मतं माझ्या खेळाडूला पडली, माझं धरून. पुठ्ठा चिकटवायला मी उठलो नाही, सुलू उठली. पंधरा दिवसांनी नंदू मुंबईला गेला आणि तिथून बोटीवर. मी काट्यावर रुजू झालो. मामा म्हणाले होते ते खरं होतं, ड्रायव्हर ओरडायचेच. पहिले सहा महिने त्या आवाजाने मी चिठ्ठ्या चुकवायचो. मग सवय झाली.

काकी गेली तेव्हा नंदूची बोट कुठे तरी लांब होती. तो पोचला तेव्हा बारावा होऊन गेला होता. शेवटच्या पावसाळ्यात तिच्या पाठीशी उशा सुलू लावायची. कधी कधी मी संध्याकाळी जायचो, बसायचो. काकी मला विचारायची, काटा कसा आहे, जेवतोस ना वेळेवर. मी त्या घरात जात होतो ते चांगुलपणाने असं वाड्यावरच्या लोकांना वाटे. मी ते वाटू दिलं.

पुढे खाणी बंद पडल्या, काटा गंजला, आणि ज्या नोकरीसाठी हे सगळं केलं ती नोकरी एका नोटिशीने संपली. आता मी पेडण्याच्या बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानात बसतो. खिळे, नळाच्या तोट्या, रंगाचे डबे. नंदू दोन वर्षांपूर्वी बोट सोडून कायमचा परत आला. पार्शाच्या डोंगराच्या उतारावर त्याच्या काजूच्या कलमांची बाग आहे. रस्त्यात भेटलो की आम्ही हवेवर बोलायचो. ह्या वर्षी काजूच्या मोसमात, एका सकाळी, मी दुकानातून सुट्टी घेऊन बागेत गेलो. उतारभर बोंडं पडली होती, तो उग्र गोड वास सुटला होता. तो वाकून बोंडं वेचत होता, बिया एका बाल्दीत, बोंडं दुसऱ्या.

"नंदू, काट्याच्या नोकरीचां एक सांगूचां आसा."

"सांग," तो म्हणाला. हात थांबला नाही.

मी सगळं सांगितलं. मामांनी काय विचारलं, मी काय म्हणालो, कोणत्या शब्दांत. धारगळच्या वळणावरचं मी सांगितलं नाही, हेही सांगितलं. कुष्टाचे अकरा सामनेसुद्धा सांगितले. तो ऐकत होता आणि बोंडाची बी पिळून काढत होता.

"माका म्हायत आसा," तो म्हणाला. "केशवमामा डिचोलीच्या बाजारात भेटलेले. त्याच आठवड्यात. म्हणाले, 'शिऱ्यान तुझी खूप वाखणणी केली, फक्त आवाजाचां तेवढां बोललो.' त्यांका बिचाऱ्यांक वाईट वाटत होतां."

"मग तू माका कधी बोललंस कित्याक नाय?"

"तू सांगशीत म्हणून थांबलंय." तो पुढच्या झाडाखाली सरकला, मीही सरकलो. "निघूच्या दिवसापर्यंत वाट बघितली. मग वाटलां, पत्रातून लिवशीत. आई गेली तेव्हा तुझो फोन आयलो, तेव्हा म्हटलां, आता सांगतलो. तू म्हणालंस, काळजी घे." त्याने बाल्दी हलवून बिया खाली बसवल्या. "मग मी वाट बघूची सोडली. कामां होती."

रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त थकलेला दिसत होता, पंचवीस वर्षं बोटीच्या इंजिनाशेजारी काढलेला माणूस दिसतो तसा, कानाने थोडा अधू. मला दोनदा मोठ्याने बोलावं लागलं होतं.

तो कंबर धरून सरळ झाला, उताराकडे बघितलं, सूर्याकडे बघितलं. मग एक रिकामी बाल्दी पायाने माझ्या दिशेला सरकवली. "ऊन चढता. ती खालची बाजू तू वेच."

मी दुपारपर्यंत वेचत होतो. हात चिकट झाले, बोटांना बियांचा चीक लागून सालं गेली, बोटं अजून बरी झालेली नाहीत. आम्ही आणखी काही बोललो नाही. ती माफी होती का, हे मी विचारलं नाही. त्याचा रोजचा मजूर त्या दिवशी आला नव्हता, आणि मी आलो होतो.